मदत हवी: मालवणकडच्या घरातली जुनी पत्रं आणि दप्तर, पावसाआधी काय करावं?

माळ्यावरची_ट्रंक
पत्र्याच्या ट्रंकेत सातशे-आठशे कागद आहेत. रुमालांत बांधलेलं मोडी दप्तर, मुंबईहून गावी आलेली कार्डं, इनलँड, मनीऑर्डरची कुपनं, शेतसाऱ्याच्या पावत्या. काहींना कसर लागलीय, एक गठ्ठा ओल येऊन चिकटलाय. घरात दोन मतं आहेत: लॅमिनेट करायचं, किंवा चौघा भावांत वाटून घ्यायचं. मृग पंधरा दिवसांवर आलाय. सुरुवात कुठून करू?

बोरू_टाक
कृपा करून लॅमिनेशन करू नका. उष्णतेने वितळलेलं प्लास्टिक कागदाच्या धाग्यांत शिरतं, ते पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीही नको. काही वर्षांनी पट्टी सुटून पडते आणि पिवळा चिकट डाग तेवढा राहतो.

आधी क्रम जपा. रुमाल सोडण्यापूर्वी फोटो काढा, रुमालांना नंबर द्या. प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात २बी पेन्सिलीने हलकेच लिहा: ३/१७, म्हणजे तिसरा रुमाल, सतरावा कागद. कार्डं एकीकडे, कुपनं दुसरीकडे असं लावू नका. कुपनावर दोन ओळींचा मजकूर असतो आणि पैसे पोचल्याचं पुढच्या कार्डात येतं. वेगळं केलं की तो धागा तुटतो.

कसर लागलेले कागद कोरडे असतील तरच दुहेरी पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. डांबरगोळ्यांवर विसंबू नका, फटी असलेल्या ट्रंकेत अंडी तशीच राहतात.

माळ्यावरची_ट्रंक
चिकटलेला गठ्ठा वाफेवर धरला तर सुटेल का?

कागद_कापड
वाफ मुळीच नको! मोडी कागदांवर बहुधा काजळीची शाई असते. काजळी फिकी पडत नाही, पण तिला धरून ठेवणारा डिंक पाण्याने सुटतो आणि अक्षरं शेजारच्या कागदावर उमटतात. नंतरच्या पत्रांतली तपकिरी झालेली शाई लोहाची असेल, तर ती कागद खाते आणि ओलीने जास्तच खाते. सगळ्यात फसवी कॉपिंग पेन्सिल: दिसते राखाडी, थेंब पडला की जांभळी होऊन पसरते. पावत्यांवर ती हमखास सापडेल.

गठ्ठा सावलीत, पंख्याचा थेट झोत न लावता पूर्ण सुकू द्या. मग सुट्या कोपऱ्यातून बांबूची पातळ, गुळगुळीत पट्टी सरकवा. अडली की थांबा. जे सुटत नाही ते तसंच ठेवून कागद-संवर्धकाकडे न्या. गंजलेली टाचणी ओढून काढू नका, तिच्याभोवतीचा कागद आधीच जळाल्यासारखा ठिसूळ झालेला असतो.

ट्रंक माळ्यावरून खाली आणा, पण बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आम्लमुक्त फोल्डर आणि घट्ट झाकणाचा पॉलीप्रॉपिलीनचा डबा घ्या. वीस लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरेल. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत हवा, ६५ च्या वर बुरशी धरते. ओलसर कागद डब्यात बंद केले तर आतच बुरशी येईल, म्हणून डबा भरायचा तो कोरड्या दिवशीच.

शके_अठराशे
वाटणी प्रतींची करा, मूळ कागद एकाच घरी राहू देत. खरेदीखतं वेगळ्या फोल्डरात ठेवा. स्कॅन ४०० डीपीआयवर, टिफमध्ये (चित्राचा तपशील न गमावणारा फाईलचा प्रकार) करा. ठिसूळ कागद स्कॅनरवर दाबण्यापेक्षा वरून फोटो घ्या. कार्डाच्या दोन्ही बाजू घ्यायच्या, तारीख कित्येकदा पोस्टाच्या शिक्क्यातच असते.

शिक्का पुसट असेल तर पत्ता बघा. पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ‘जि. सिंधुदुर्ग’ असेल तर मे १९८१ नंतरचं, पण ‘जि. रत्नागिरी’वरून पक्कं काही ठरवू नका, जुन्या सवयीने लोक तसं लिहीत राहिले. मोडी कागदावर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा. माघ-फाल्गुनातला कागद असेल तर ७९.