मदत हवी आहे: मठाने बांधलेल्या लाकडी घरांसाठी मराठी शब्द

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीला बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाने पंधराव्या शतकात भाड्याने द्यायला बांधलेल्या लाकडी घरांच्या रांगेवर मराठीत लिहितेय. पुढे दुकान, मागे थेट छपरापर्यंत उघडी मुख्य खोली. दुकानाची फळी खाली पाडली की तीच माल मांडायची जागा! ओकच्या खांब-तुळयांची चौकट, मधे कुडाच्या भिंती. इथे आपला 'कूड' अगदी चपखल बसला.

अडलंय वरच्या मजल्यावर. तुळयांची टोकं खालच्या भिंतीबाहेर काढून अख्खी खोलीच रस्त्यावर पुढे आणलेली असते. 'सज्जा' म्हटलं की उघडी गॅलरी डोळ्यांपुढे येते. वाड्यांचं काम केलेल्या जुन्या सुतारांकडून याला नेमका शब्द कोणी ऐकलाय का? आणि सांध्यात ठोकतात त्या लाकडी खुंटीला?