विषय: अम्मानहून बगदादची बस आणि घरी ठेवायचा लिफाफा

नमस्कार मंडळी,

युद्ध चालू असलेल्या देशातून रस्त्याने पुढे जाण्याबद्दल यादीवर विचारणा झाली, म्हणून इराकमध्ये ओलीस धरून मारल्या गेलेल्या शोसेई कोदा या जपानी तरुणाबद्दल लिहितो. तोक्योत नव्याने आलेल्यांना ही घटना ठाऊक नसेल. फुकुओकातल्या नोगाता इथला हा २४ वर्षांचा मुलगा ऑक्टोबर २००४ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मानहून बसने बगदादला गेला. जाऊ नको, असं अम्मानमध्ये त्याला सांगितलंही गेलं होतं. आठवडाभरातच त्याला ओलीस धरणाऱ्या, दहशतवादी झरकावीच्या गटाची चित्रफीत आली: दक्षिण इराकमधल्या समावातलं जपानी सैन्य ४८ तासांत हटवा. त्यात तो माफी मागतो आणि जपानला परत यायचंय म्हणतो. तेव्हाचे जपानी पंतप्रधान कोइझुमी यांनी लगेच नकार दिला. ३० ऑक्टोबरला बगदादमध्ये अमेरिकी झेंड्यात गुंडाळलेला त्याचा मृतदेह सापडला.

मागणी पैशांची असली, तर मध्यस्थ शोधायला थोडी तरी सवड मिळते. सैन्य हटवण्याची असली, की घरच्यांच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून जे करायचं ते निघण्याआधीच.

— आ.

---

काका,

एक गोष्ट राहिली. कोदाचा मृतदेह सापडण्याआधी दुसराच एक मृतदेह त्याचा म्हणून धरला गेला होता. बांधा जुळत होता, घरच्यांपर्यंत बातमीही गेली आणि मग तो नव्हेच असं निघालं. अखेर ओळख पटली ती बोटांच्या ठशांवरून. त्या आईवडिलांचे ते तास डोळ्यांसमोर आणा.

इराकमधल्याच मोसुलमध्ये २०१४ साली पळवून मारलेल्या ३९ भारतीय कामगारांचे अवशेष जवळच्या बादुशच्या टेकाडात सापडल्याचं जाहीर झालं ते २०१८ मध्ये, आणि ओळख नातेवाइकांच्या डीएनए नमुन्यांवरून झाली.

तेव्हा बंद लिफाफ्यात ठेवा: पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती, दहा बोटांचे ठसे, दंतवैद्याकडचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे, रक्तगट, जुन्या शस्त्रक्रियांच्या खुणा. शिवाय अपहरणकर्त्यांमार्फत विचारायचा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर. माणूस जिवंत आहे का, हे त्यावरूनच कळतं. पाळीव कुत्र्याचं नाव नको, ते फेसबुकवर सापडतं. आजोळची विहीर घराच्या कुठल्या अंगाला होती, असलं काहीतरी.

— सु.

---

ताई, लिफाफ्याचं अगदी बरोबर. आता फोन कुणाला करायचा ते.

इथे गोंधळ होतो. राहता जपानमध्ये, पण पासपोर्ट भारताचा, तर जपानी दूतावास तुमच्यासाठी नाही. ज्या देशात आहात तिथला भारतीय दूतावास. तिथे नसेल, तर शेजारच्या ज्या दूतावासाकडे त्या देशाचं काम आहे तो. निघण्याआधीच नोंदणी करा. जपानी नागरिकत्व घेतलेल्यांनी ‘ताबिरेजी’ या जपानी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी नोंदणीवर.

रोज ठरलेल्या वेळी एक निरोप. लागोपाठ दोन चुकले, की घरच्याने वाट न बघता दूतावासाला कळवायचं. बहुतेक प्रवास विम्यात युद्ध वगळलेलं असतं, अटी वाचा. अपहरणाचा वेगळा विमा असेल, तर त्याची वाच्यता केल्यास तो रद्द होऊ शकतो.

आणि ‘जिको सेकिनिन’, म्हणजे ज्याची जबाबदारी त्याची, हे २००४ मध्ये इथे जपानमध्ये ओलिसांच्या घरच्यांना फार ऐकवलं गेलं. आपल्या यादीवर कुणी तसं लिहू नये, ही कळकळीची विनंती.

लिफाफा घरात एकाकडे आणि घराबाहेर एकाकडे, असे दोन करा. निरोप कुणाला जाणार ते वर लिहून ठेवा.

— म.