मदत हवी आहे: टोमॅटो बुडाकडून काळे पडताहेत, मिरचीचे शेंडे आकसलेत (नाशिक, गच्ची)

इंदिरानगर_गच्ची | ४ मार्च, सकाळी ८.२०

नमस्कार. गच्चीवरच्या टोमॅटो-मिरचीसाठी जाणकारांची मदत हवी आहे. माहिती जमेल तितकी नेमकी देते.

गच्ची पश्चिमेला उघडी, ऊन सकाळी नऊपासून मावळेपर्यंत. टोमॅटोची ६ रोपं १२ इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत, मिरचीची ४ रोपं १० इंचीत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावलेली. मिश्रण तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग काळी माती, एक भाग गांडूळखत. पाणी रोज सकाळी सातला, कुंडीला एक मग, म्हणजे साधारण एक लिटर. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर चढतो. दर रविवारी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं पाण्यात विरघळणारं खत), लिटरला ५ ग्रॅम.

टोमॅटो लिंबाएवढा झाला की देठाच्या विरुद्ध टोकाला आधी पाणी मुरल्यासारखा डाग येतो, मग तपकिरी होतो, मग चामड्यासारखा काळा आणि आत दबलेला. पहिल्या दोन घोसांतल्या ११ पैकी ८ फळं अशी गेली. पानं मात्र हिरवीगार आहेत. मिरचीची नवी पानं बारीक आणि आकसलेली, फुलं गळताहेत.

अंड्याच्या टरफलांची पूड महिन्यात दोनदा घातली, फरक नाही. हा करपा आहे का? बुरशीनाशक मारू का?

कोथिंबीर | ४ मार्च, सकाळी ९.०५

करपा नाही हा, कॅल्शियम कमी पडतंय. टरफलं विरघळायला वेळ लागतो. त्यापेक्षा खायच्या चुन्याची निवळी द्या, लिटरला अर्धा चमचा चुना.

मखमलाबादकर | ४ मार्च, दुपारी १.४०

कॅल्शियमचं निदान बरोबर आहे, पण चुन्याची निवळी इथे नको. आपल्याकडची काळी माती मुळात चुनखडीची, आणि बादलीला थर चढतो म्हणजे पाण्यातही चुना आहे. त्यात आणखी चुना गेला तर सामू (pH) वाढून लोह अडकेल आणि पंधरा दिवसांत शेंडे पिवळे पडतील. टरफलांचंही तेच, आंबटपणा नसलेल्या मातीत ती वर्षभर जशीच्या तशी राहतात.

ताई, बुरशीनाशक मारू नका. कुंडीत कॅल्शियम आहे, ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाहीये. कॅल्शियम फक्त मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याबरोबर जातं. पानं भरपूर पाणी उडवतात, त्यामुळे ते पाणी पानांकडे ओढलं जातं. फळ फारच कमी उडवतं, म्हणून त्याच्या वाट्याला थोडं येतं. दुपारी कुंडी सुकली की फळाचा वाटा सगळ्यात आधी तुटतो, आणि देठापासून सर्वांत लांबचा भाग म्हणजे फळाचं बूड. पेशी तिथेच मरतात. पानात गेलेलं कॅल्शियम पुन्हा फळाकडे येत नाही, त्यामुळे फवारणीनेही फारसं हाती लागत नाही.

आज संध्याकाळी दोन गोष्टी तपासा. नेहमीचं एक लिटर पाणी ओता आणि तबकात पहिली धार किती सेकंदांत येते ते मोजा, किती पाणी खाली आलं तेही मोजा. नंतर मसाला काढून टाकलेल्या अगरबत्तीच्या दोन कोरड्या काड्या घ्या. एक बुंध्यापासून दोन बोटं अंतरावर, एक कुंडीच्या कडेला, दोन्ही सहा इंच खोल खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. काय दिसतं ते लिहा, पुढचं त्यावर ठरेल.

भिंगवाला | ४ मार्च, दुपारी ३.१५

मिरचीबद्दल. "आकसलीत" एवढ्यावरून औषध सांगता येत नाही, पान कोणत्या बाजूला वळलंय ते हवं. कडा वर उचलून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पालथी होडी झाली असेल आणि देठ लांबट दिसत असेल तर कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी सूक्ष्म कीड. पानं जाड, खरबरीत, शिरा फुगलेल्या, शेंड्याचा नुसता गुच्छ आणि झाडाची वाढ खुंटलेली असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, म्हणजे खरा बोकड्या.

पांढऱ्या कागदावर शेंडा चार वेळा झटका. पिवळसर, रेघेसारखे, तुरुतुरु पळणारे जीव पडले तर फुलकिडे. काहीच पडलं नाही तर सर्वांत कोवळं उघडलेलं पान खुडून मागची बाजू १० पटीच्या भिंगाने पाहा. दागिने पारखायचं भिंग चालतं. नुसत्या डोळ्यांनी हा कोळी दिसत नाही.

इंदिरानगर_गच्ची | ४ मार्च, रात्री ९.३०

सगळं तपासलं.

टोमॅटो: पहिली धार १२ सेकंदांत आली. लिटरमधलं ६०० मिली तबकात उतरलं. कडेच्या काडीची खालची दोन इंच ओली, बुंध्याजवळची पूर्ण कोरडी. मिश्रण आणि कुंडी यांच्यामध्ये नखभर फट आहे, हे आजवर लक्षातच आलं नव्हतं.

मिरची: कागदावर काही पडलं नाही. पानं खाली वळलेली, देठ लांब. मागे शिरेजवळ काचेच्या मण्यांसारखे अगदी बारीक ठिपके, त्यांच्यावर पांढऱ्या टिकल्यांच्या ओळी.

भिंगवाला | ४ मार्च, रात्री १०.१०

टिकल्यांच्या ओळी असलेले मणी म्हणजे कोळ्याची अंडी. निदान पक्कं, आणि चांगली गोष्ट अशी की हा विषाणू नाही. झाड वाचतं.

आकसलेले शेंडे दोन पेरं खाली कापून पिशवीत बंद करून टाका. बहुतेक कोळी त्या कोवळ्या भागातच असतात. मग पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, सूर्य कलल्यावर, पानांच्या मागच्या बाजूला नीट पोचेल असं फवारा. सात दिवसांनी पुन्हा एकदा. द्राक्षाच्या भुरीसाठी वापरतात तेच हे गंधक, कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. मिरच्या लेबलवर लिहिलेले दिवस सोडून तोडा आणि धुऊन वापरा.

दोन गोष्टी सांभाळा. पारा ३५ च्या वर जाणार असेल त्या आठवड्यात गंधक नको, पानं करपतात. आणि निंबोळी तेल मारलेलं असेल तर मध्ये १५ दिवस जाऊ द्या. ऊन वाढलंच तर गंधकाऐवजी १०,००० पीपीएमचं निंबोळी अर्काचं औषध, लिटरला २ मिली, पाच-पाच दिवसांनी तीनदा.

मखमलाबादकर | ५ मार्च, सकाळी ७.५०

ताई, कारण सापडलं. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी शोषत नाही, उलट ढकलतं. सुकताना आकसतं, म्हणून ती फट पडली. तुमचा मग त्या फटीतून सरळ तबकात जातो आणि वरचा अर्धा इंच ओला दिसतो. बुंध्याखालचा गाभा कोरडाच राहतो. रोज पाणी घालूनही झाड तहानलेलं होतं.

आधी गाभा भिजवायला हवा. मोठ्या टबात कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत नळाचं पाणी भरून कुंडी त्यात ठेवा आणि वरून झारीने हळूहळू पाणी देत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण ४० मिनिटं. मग बाहेर काढून निथळू द्या. कुंडी उचलवत नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने ३०० मिली असं पाच-सहा वेळा. त्याच दिवशी वरून १५ ते २० लिटर नळाचं पाणी सावकाश सोडून खालून वाहू द्या. लिटरला ५ ग्रॅम खत, वर क्षारयुक्त बोअर, असे दोन महिन्यांचे साठलेले क्षार त्याने निघतील. हे क्षारही मुळांचं पाणी अडवतात. शेवटी फटीत शेणखत आणि माती समप्रमाणात मिसळून काठीने दाबून भरा.

१९:१९:१९ सध्या बंद. त्यातलं बरंचसं नत्र अमाइड आणि अमोनिकल रूपात असतं. अमोनियम आणि पालाश दोन्ही जास्त झाले की मुळं कॅल्शियम कमी घेतात. पानं हिरवीगार आणि फळं काळी, हे तुमचं चित्र त्याच्याशी जुळतं. शिवाय न धुतलेलं कोकोपीट स्वतः कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम-पालाश सोडतं. म्हणून गाभा भिजल्यावर तिसऱ्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट, लिटरला २ ग्रॅम, कुंडीला एक लिटर, आठवड्यातून एकदा असं तीन वेळा. ते दुसऱ्या कुठल्याही खताबरोबर एका बादलीत कालवू नका. स्फुरद किंवा सल्फेट असलं की पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

पाण्याचं म्हणाल तर फळं लागलेल्या टोमॅटोला मार्चच्या उन्हात दिवसाला २ ते ३ लिटर लागतं, तेही एकदम नाही. ठिबकचा साधा संच लावता आला तर सगळ्यात उत्तम: कुंडीला तासाला २ लिटरचे दोन ड्रिपर, बुंध्याच्या दोन बाजूंना. सकाळी सहा, अकरा आणि संध्याकाळी पाचला १५-१५ मिनिटं चालवलं की प्रत्येक वेळी एक लिटर जातं. हाताने घालणार असाल तर सकाळ-संध्याकाळ, दोन हप्त्यांत, हळू.

वर दोन इंच आच्छादन घाला. पाचट, शेंगांची टरफलं, वाळका पाला, काहीही, फक्त बुंध्यापासून दोन बोटं लांब. काळ्या कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि खाली दोन विटा द्या, नाहीतर स्लॅब आणि पश्चिमेचं ऊन मिळून कडेची मुळं भाजतात.

काळी पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. आत्ता सुपारीएवढी असलेली काही अजून डागाळतील, त्याने घाबरू नका. फळ धरल्यावरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला कॅल्शियम सर्वांत जास्त लागतं, ती वेळ या फळांची गेलेली आहे. फरक बघायचा तो आजनंतर धरणाऱ्या फळांत.

कोथिंबीर | ५ मार्च, सकाळी १०.३०

चुन्याचं मागे घेते. आपल्याकडच्या पाण्याचा विचार केला नव्हता.

एक विचारते, टोमॅटोची बगलफूट (पानाच्या बगलेतून येणारा फुटवा) काढायची का? काढली तर पानं कमी होऊन फळाकडे जास्त पाणी जाईल ना?

मखमलाबादकर | ५ मार्च, दुपारी १२.१५

उंच वाढणाऱ्या जातीची काढा, चार बोटं लांब व्हायच्या आत. झुडपी जातीची नको, तिची फळं त्याच फुटव्यांवर येतात. पण पश्चिमेच्या उन्हात एका वेळी फार पानं कमी करू नका. फळं उघडी पडली की ऊन लागून त्यांच्या बाजूला पांढरट कागदी डाग येतात. ते बाजूला येतात, बुडाला नाही, एवढ्यावरून ओळखता येतं.

इंदिरानगर_गच्ची | २७ मार्च, सकाळी ८.००

तीन आठवड्यांनंतरची स्थिती. ठिबक बसवलं. बुंध्याजवळची काडी आता पूर्ण लांबीला ओली निघते. ८ मार्चनंतर धरलेल्या १४ फळांपैकी एकही डागाळलं नाही. त्याआधीची ५ काळी पडली, ती काढली. मिरचीच्या ३ झाडांचे नवे शेंडे सपाट आणि चकचकीत आलेत, चौथं अजून तसंच.

आता टोमॅटोची फुलं देठाच्या गाठीवरून गळताहेत. दुपारी ३७ असतं. काय करू? आणि हे झाल्यावर याच मिश्रणात गिलके (घोसाळी) लावले तर चालतील का?

भिंगवाला | २७ मार्च, सकाळी ९.२०

चौथी मिरची इतरांपासून लांब ठेवा आणि तिला हात लावल्यावर बाकीच्यांना लावू नका. कोळी हाताने, कपड्याने आणि पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटूनही पसरतो. या उन्हात आता गंधक नको, निंबोळीवरच राहा. १० एप्रिलपर्यंत शेंडा सुधारला नाही तर झाड उपटा.

मखमलाबादकर | २७ मार्च, दुपारी २.०५

फुलगळ उन्हाची आहे. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २२-२३ च्या वर राहिलं की पराग निकामी होतो, खताने ते भरून येत नाही. ५० टक्क्यांची हिरवी जाळी झाडांपासून तीन-चार फूट उंच बांधा, पश्चिमेची बाजू खालपर्यंत झाका. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान घोसाच्या देठाला बोटाने दोन टिचक्या द्या, पराग झडतो. एवढं करूनही एप्रिलच्या मध्यानंतर नवी फळं थोडीच धरतील. लागलेली पिकवून घ्या आणि झाडं काढा. पुढची रोपं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टाका. पांढरी माशी जास्त असेल तर अर्का रक्षकसारखी पर्णगुच्छ विषाणूला दाद न देणारी जात घ्या.

गिलके चालतील, वेगळ्या कुळातले आहेत. मिश्रण मात्र बदलून घ्या. जुनी मुळं चाळून काढा, ताडपत्रीवर पातळ पसरून आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवा. मग दोन भाग हे मिश्रण, एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. वेल १२ इंचीत नको, १८ इंची पिशवी घ्या, एकीत एकच वेल. गिलक्याचं फूल सकाळी उमलतं. गच्चीवर मधमाश्या येत नसतील तर नऊच्या आत नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर टेकवा. मादीच्या फुलामागे बोटभर गिलकं आधीच दिसतं. ते पिवळं पडून गळलं तर आधी परागीभवन झालं का ते बघा, आणि गिलक्यावर टाचणीने टोचल्यासारखं छिद्र व चिकाचा थेंब दिसला तर ती फळमाशी, तिच्यासाठी क्यू ल्युअरचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा.

इंदिरानगर_गच्ची | २७ मार्च, रात्री ८.४५

जाळी उद्या बांधते. चौथी मिरची आत्ताच जिन्याच्या टोकाला नेऊन ठेवली.