मित्र, सुट्टी आणि कसोटी सामना: तिन्ही एका ट्रिपमध्ये बसतात का?

कट्ट्यावरचा (पुणे)

आमच्या ग्रुपवर परत खलबतं सुरू झाली आहेत. २०२७ चा वनडे वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. चौघांपैकी तिघांनी हात वर केलेत. माझा एकट्याचा खाली आहे. का, ते सविस्तर लिहितो. माझं मत बदलता आलं तर बदला.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. २०२५ च्या जुलैत ओव्हलच्या भारत-इंग्लंड कसोटीसाठी लंडनला गेलो. व्हिसा, विमान, राहणं, तिकिटं धरून माणशी पावणेतीन लाखांच्या आसपास गेले. ठरवतानाच मारामारी. मला फक्त क्रिकेट हवं होतं. एकाला स्कॉटलंड बघायचं होतं. एकाच्या खिशात बायकोने दिलेली खरेदीची यादी. चौथा म्हणाला, मी कुठेही येतो, फक्त सकाळी लवकर उठवू नका. मग तडजोड झाली: आधी सहा दिवस एडिंबरा वगैरे, मग चार दिवस ओव्हल, आणि रविवारी रात्री साडेनऊचं परतीचं विमान. सोमवार सोडून दिला, कारण ‘इंग्लंड हल्ली कुठे पाच दिवस खेळतं?’

रविवारी चहापानाला इंग्लंडला जिंकायला साठेक धावा हव्या होत्या, हातात सहा विकेट, समोर रूट शतकाजवळ. त्याआधी ब्रूकने १११ ठोकलेले. हा तोच ब्रूक ज्याचा झेल १९ वर असताना सिराजने घेतला आणि मग पाय सीमारेषेच्या दोरीवर पडला. आम्ही दोघं उठलो, हीथ्रोची ट्यूब पकडली. उरलेले दोघं म्हणाले, आम्ही तिकीट बदलतो, थांबतो. विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत फोन पाहिला तर रूट गेलेला, बेथेल गेलेला, अंधुक प्रकाश, पाऊस, खेळ थांबला. ३५ धावा, चार विकेट.

सोमवारी दुपारी मुंबईत उतरलो, टॅक्सीने पुणे गाठलं, आणि साडेतीन वाजता घरच्या सोफ्यावर बसून, मांडीवर वरणभाताचं ताट घेऊन, भारत सहा धावांनी जिंकताना पाहिला. इंग्लंडचा वोक्स खांदा दुखावलेला असताना एक हात स्वेटरमध्ये गुंडाळून खेळायला उतरला तेव्हा आई म्हणाली, “अरे, मग तू गेला कशाला होतास?”

माझी नवी टोपीसुद्धा तिथेच राहिली, तो भाग वेगळा.

तेव्हा माझं म्हणणं असं: मॅच बघायची असेल तर एकट्याने जा. मित्रांबरोबर फिरायचं असेल तर मॅचचं नाव काढू नका. दोन्ही एकत्र केलं की मॅचही जाते आणि मित्रांबद्दल मनात अढीही बसते.

खडूस_काका (लंडन)

मित्रांचा यात काय दोष? पाच दिवसांच्या सामन्याला चार दिवसांचं तिकीट तुम्हीच काढलंत. आणि त्या मालिकेतल्या आधीच्या चारही कसोट्या, लीड्स, एजबॅस्टन, लॉर्ड्स, मँचेस्टर, पाचव्या दिवसात गेल्या होत्या. विमानाची तिकिटं तुम्ही आधी काढली असणार हे मान्य, पण मग नियम साधा आहे: कसोटीला जायचं तर सहावा दिवसही मोकळा ठेवा. पाचवा खेळासाठी, सहावा झोपेसाठी.

पण मूळ मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे, कारण वेगळं. तुम्ही मित्र येता आणि राहता कुठे? आमच्याकडे. दर उन्हाळ्यात. त्याच वर्षी लॉर्ड्सच्या कसोटीला तिघं आले होते. सोमवारी जडेजा एका टोकाला ६१ वर नाबाद आणि बशीरच्या चेंडूवर सिराजने बॅट लावूनही तो चेंडू घरंगळत स्टंपला लागला. २२ धावांनी हार. घरी येऊन तिघंही जेवले नाहीत. बायकोने सकाळपासून खपून केलेलं भरलं वांगं मी एकट्याने दोन दिवस खाल्लं. तिकिटांचं म्हणाल तर इथे सोडतीत नाव घालावं लागतं, ते मी घालायचं, माझ्या कार्डावर. पैसे मिळतात, नाही असं नाही. दिवाळीपर्यंत.

अवांतर: लॉर्ड्सवर प्रेक्षकाला स्वतःची वाइनची एक बाटली आत नेता येते. आपल्याकडे गेटवर पाण्याची बाटली काढून घेतात.

चौघीजणी_डोंबिवली

साफ असहमत. पुरुषांनी चार जणांत दहा दिवस काढले की वर्ल्ड वॉर, आणि मग दोष मॅचला.

आम्ही चौघी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्नला गेलो होतो. टी-२० वर्ल्ड कपमधला २३ तारखेचा भारत-पाकिस्तान सामना. एमसीजीवर, म्हणजे तिथल्या मोठ्या मैदानावर, नव्वद हजारांवर माणसं. आठवडाभर पावसाचा अंदाज होता, आम्ही रोज सकाळी चहाच्या आधी हवामान बघायचो. तो दिवस कोरडा गेला, आणि त्याच आठवड्यात त्याच मैदानावरचे तीन सामने एकही चेंडू न पडता वाहून गेले. आमचं तिकीट यातल्या एखाद्याचं असतं तर? तरी चाललं असतं, कारण आम्ही ट्रिप उलटी बांधली होती. मॅच आधी, भटकंती नंतर. म्हणजे मॅच संपल्यावर कोणी घड्याळ बघत नाही. तुम्ही स्कॉटलंड आधी केलंत, तिथेच चुकलात.

दुसरं, प्रत्येकीला एक दिवस एकटीचा. त्या दिवशी कोण कुठे गेली हे विचारायचं नाही. एकीने अख्खा दिवस एका बागेत बाकावर बसून काढला. तिला दोन मुलं आणि सासूबाई आहेत, तिने मॅचपेक्षा त्या बाकाचे फोटो जास्त काढलेत.

आणि शेवटची ओव्हर. सोळा हव्या होत्या. अश्विनने नवाझचा तो लेगसाइडचा चेंडू हलून सोडला आणि वाइड मिळवला, तेव्हा माझ्या शेजारच्या मैत्रिणीचे डोळे गच्च मिटलेले. ती सारखी विचारत होती, काय झालं, काय झालं. मी तिला सांगू शकले नाही कारण माझा आवाज बसला होता. हे एकटीने गेले असते तर कोणाला सांगितलं असतं? ती अजून म्हणते, मला तो वाइड तुझ्या नखांवरून कळला.

जामठा_एक्स्प्रेस (नागपूर)

काय राजे हो, पावणेतीन लाख! काहून बाप्पा?

ओव्हलवर पहिल्या डावात करुण नायरनं ५७ केले, ते तुम्ही पाहिले असतील. त्याच करुणनं पाच महिने आधी आमच्या जामठ्याला रणजी फायनलमध्ये केरळच्या विरोधात १३५ काढले. मी पाहिले. मित्र होते, डबा होता, खर्च झाला तो पेट्रोलचा. विदर्भ पहिल्या डावाच्या आघाडीवर जिंकला. पाचही दिवस गेलो, कारण परतीचं विमान नव्हतं, परतीची ॲक्टिव्हा होती.

परदेशात जाऊन मॅच पाहणं म्हणजे स्टेटस टाकायचा धंदा आहे. स्टॅंडात बसून अर्धे लोक मॅच पाहतच नाहीत, स्वतःला दाखवत राहतात.

कट्ट्यावरचा

@जामठा_एक्स्प्रेस: रणजी मीही बघतो, आमच्या गहुंज्याच्या स्टेडियमवर. पण वोक्सचा तो एक हात रणजीत दिसत नाही हो. (मला तिथेही दिसला नाही, हे माहीत आहे.)

@चौघीजणी: ‘मॅच आधी’ हे पटलं. पण वर्ल्ड कपला मॅच आधी कशी करणार? सेमीफायनलला आपण पोचणार की नाही हेच माहीत नसतं. २०१९ ला मँचेस्टरच्या सेमीफायनलला माझा एक सहकारी गेला होता. पावसाने सामना दुसऱ्या दिवसावर गेला, त्याची हॉटेलची खोली पहिल्याच दिवसापर्यंत. गप्टिलने धोनीला रनआउट केलं ते पाहिलं, मग सुटकेस ओढत स्टेशन. त्याच्याजवळ फायनलची तिकिटं होती. लॉर्ड्सवर न्यूझीलंड-इंग्लंड पाहिला, म्हणतो आयुष्यातली सगळ्यात भारी मॅच, पण घरी कोणाला ते सांगताच येत नाही.

न्यूजर्सीकर

पैशाबद्दल कोणी बोलत नाहीये. अढी मॅचने बसत नाही, काँट्रीने बसते.

९ जून २०२४, न्यूयॉर्क, टी-२० वर्ल्ड कपचा भारत-पाकिस्तान सामना. आमच्याकडे पुण्याहून आणि टेक्सासहून मित्र आले. तिकिटं एकाने रिसेलवर घेतली, तोंडाला येईल त्या भावाने, आणि आम्हाला नंतर सांगितलं. ‘तुम्ही नाही थोडीच म्हणणार होतात.’ मैदान म्हणजे पार्कात उभारलेला तात्पुरता सांगाडा, खेळपट्ट्या फ्लोरिडात तयार करून ट्रकने आणलेल्या. पाऊस, उशीर, मग भारत ११९ ला ऑलआउट. त्या क्षणी चौघांच्याही डोक्यात एकच आकडा होता आणि तो धावांचा नव्हता. नंतर बुमराने तीन काढले, सहा धावांनी जिंकलो, मिठ्या मारल्या, सगळं विसरलो.

विसरलो म्हणजे दोन आठवडे. मग हिशोबाच्या ॲपवर एकाने लिहिलं, ‘पार्किंग मी दिलं होतं.’ त्यावर दुसऱ्याने, ‘पिझ्झा मी.’ आजतागायत तो हिशोब उघडा आहे. मैदानसुद्धा मोडून नेलं, पार्किंगचे पैसे काही मिटले नाहीत. टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) पहिल्या दिवसापासून, आणि कमाल किती देणार तो आकडा आधी लिहून. मैत्री टिकवायची असेल तर एवढंच करा, बाकी कुठेही जा.

फातोर्डाकार (मडगाव)

फुटबॉलवाल्यांना हे त्रास कमी. २०२२ ला आम्ही चार गोंयकार फुटबॉल वर्ल्ड कपला कतारला गेलो. आठही मैदानं दोहाच्या आसपास, हय्या कार्डावर (प्रेक्षकांचं ओळखपत्र) मेट्रो फुकट, एका दिवसात दोन सामने बघून रात्री त्याच खोलीत झोपायला. पाचवा दिवस नाही, पावसाची भीती नाही. नव्वद मिनिटं, फार तर एकशेवीस. शिवाय गोव्यातलं कोणी ना कोणी आखातात असतंच, भावाच्या घरी गाद्या टाकल्या की झालं.

एकच घाव. स्पर्धा सुरू व्हायला दोन दिवस असताना स्टेडियमच्या आवारातली बिअर बंद झाल्याचं जाहीर झालं. आमच्यातला एकजण तेव्हा दाबोळी विमानतळावर चेक-इनच्या रांगेत होता. परत फिरतो म्हणाला. ओढून नेला.

नेरूळ_वेस्ट

@जामठा_एक्स्प्रेस यांच्याशी सहमत, पण स्टेटसवाला टोमणा सोडून. २ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटील, महिला वर्ल्ड कप फायनल. मी आणि कॉलनीतल्या तिघी. पावसामुळे पाच वाजता सुरू झाली. शेफालीच्या ८७, मग दीप्तीच्या पाच विकेट, मध्यरात्री हरमनने तो शेवटचा झेल घेतला. नंतर चालत घरी आलो. रस्ताभर अनोळखी मुली एकमेकींना टाळ्या देत होत्या. आमच्या वॉचमनकाकांनी गेट उघडताना विचारलं, “जिंकलो ना?”

मला परदेशी जायला आवडेल. पण त्या रात्री घर वीस मिनिटांवर असण्याचं जे सुख होतं, ते हॉटेलात नसतं.

कट्ट्यावरचा

हे भारी आहे. पण मग आमचा प्रश्न सुटतच नाही. आफ्रिका हो म्हणू की नको? तिघं रोज मेसेज टाकतायत.

साडेआठला_उठणारा

धागा आज सापडला. मी त्या चौघांतला चौथा. सकाळी लवकर न उठणारा.

दोन दुरुस्त्या. एक: विमानासाठी उठलो असं लिहिलंयस. विमानाला वेळ होता. चहापानाला तू उभा राहिलास आणि म्हणालास, “गेली रे ही, चला, रूटचं शतक बघायला मी थांबणार नाही.” आम्ही तिकीट बदलायचे पैसे चौघांत वाटून घेऊ म्हणालो होतो. तू म्हणालास, वेड्यांनो.

दोन: सोमवारी मी साडेसहाला उठलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा. रविवारी मैदानातून बाहेर पडायच्या आतच फोनवर दोन तिकिटं काढली होती. अकराला खेळ सुरू झाला, पहिल्याच षटकात ओव्हरटनने दोन चौकार मारले, तेव्हा तुझा मेसेज आला, ‘सांगितलं होतं ना.’ अजून आहे फोनमध्ये. मग सिराज. बाराच्या आत खेळ खल्लास. ॲटकिन्सनचा स्टंप उडाला तेव्हा माझ्या हातात तुझी टोपी होती, सीटखाली सापडलेली. मी ती हवेत फेकली. दोन रांगा पुढे एक म्हातारे इंग्लिश आजोबा बसले होते, त्यांनी ती एका हाताने झेलली, उलटीपालटी करून पाहिली, मागे वळले आणि परत दिली. म्हणाले काहीतरी, आवाजात ऐकू आलं नाही.

टोपी माझ्याकडेच आहे. शनिवारी ये घ्यायला. येताना पासपोर्ट आण, एक्स्पायरी बघायची आहे.