मदत हवी आहे: पेठेतल्या जुन्या घरातली छोटी बेडरूम, त्यात दहावीच्या मुलीचं टेबल बसवायचं आहे

पेठेतली सून

नमस्कार मंडळी. आमच्या एका खोलीबद्दल सल्ला हवा आहे. नीट माहिती देते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, जुनं. पुढं सोपा (बाहेरची खोली), मग माजघर, माजघराला लागून ही खोली आणि मागं स्वयंपाकघर. खोली आतून पूर्व-पश्चिम 10 फूट 4 इंच आणि दक्षिण-उत्तर 8 फूट 10 इंच. उंची मात्र भरपूर, साडेदहा फूट. दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत मूळची, दगड-मातीची, दीड फूट जाड. उरलेल्या दोन विटांच्या, घराची दुरुस्ती केली तेव्हा बांधलेल्या. उत्तरेच्या भिंतीत मधोमध 4 फुटी खिडकी आहे. दार 30 इंची, पूर्वेच्या भिंतीत, उत्तरेच्या कोपऱ्याला, आत उघडतं.

आत काय आहे ते सांगते. साडेसहा बाय पाचचा सागवानी पलंग, डोकं पश्चिमेच्या भिंतीला, खोलीच्या मधोमध. आग्नेय कोपऱ्यात 3 फूट रुंद, 20 इंच खोल लोखंडी कपाट. पलंग आणि खिडकीची भिंत यांच्यामध्ये सासूबाईंची पत्र्याची ट्रंक आणि तिच्यावर पाच गाद्यांची चळत. ही चळत खिडकीच्या अर्ध्यावर येते. शिवाय वाकळा, उश्या, गौरी-गणपतीच्या सजावटीचं खोकं.

गाद्या काढून टाका असं कृपया सांगू नका. चैत्रात जोतिबाची यात्रा आणि नवरात्रात अंबाबाईचं दर्शन, दोन्ही वेळा नणंदा, त्यांची मुलं, मिस्टरांच्या आत्या सगळ्या आमच्यातच उतरतात. त्यांना हातरूण द्यायला नाही असं या घरात कधी झालेलं नाही आणि ते माझ्या काळात व्हायला नको.

आता अडचण. मुलगी यंदा दहावीला आहे. ती आजीजवळ सोप्यात झोपते, ते ठीक आहे. पण अभ्यासाला सोप्यात जागा नाही. टीव्ही असतो, शेजारच्या बायका येतात, सासूबाईंचं वय झालंय, त्यांना गप्प बसा म्हणणं मला पटत नाही. पोरगी पलंगावर मांडी घालून, पुस्तक मांडीवर घेऊन लिहिते आणि रात्री मान धरली म्हणते. तिला एक टेबल द्यायचंय, तिचं स्वतःचं.

आणखी एक. मिस्टर शिरोली एमआयडीसीत कामाला आहेत. तिसरी पाळी असली की सकाळी येऊन झोपतात, तेव्हा खोलीत उजेड नको असतो.

फर्निचरवाले घरी येऊन गेले. ते म्हणाले, सागवानी पलंग द्या, हायड्रॉलिक बॉक्सचा घ्या आणि दक्षिणेच्या भिंतीला छतापर्यंत वॉर्डरोब करा. पलंग सासऱ्यांनी करून घेतलेला आहे, तो द्यायचा नाही. बाकी काय करता येईल?

राजारामपुरीकर

ताई, पलंग मधोमध का आहे? 8 फूट 10 इंचातून 5 फूट गेले की दोन्ही बाजूंना 23-23 इंच उरतात. एवढ्यात माणूस आडवं होऊन जातं आणि सामान तर काहीच मावत नाही. पलंग दक्षिणेच्या भिंतीकडे सरकवा. भिंतीपासून 3 इंच सोडले तरी खिडकीच्या बाजूला 43 इंचांची पट्टी मोकळी मिळते, म्हणजे साडेतीन फुटांहून जास्त. त्यात टेबल बसतं आणि चालायलाही उरतं.

आतल्या बाजूला झोपणाऱ्याला पायथ्याकडून उतरावं लागेल, एवढाच त्रास.

दार बाहेर उघडणारं करता येईल का? 30 इंचाचं दार आत उघडतं तेव्हा तेवढा चौकोन वर्षभर रिकामा ठेवावा लागतो.

पेठेतली सून

पलंग सरकवायचं डोक्यात आलं होतं, पण इंचांचा हिशेब असा मांडला नव्हता. खूप आभार. डोकं उत्तरेला नको एवढंच घरात पाळतात, त्यामुळं पश्चिमेला आहे तसंच राहू दे.

दार मात्र बाहेर उघडता येणार नाही. दाराला लागूनच माजघरात देव्हारा आहे. सकाळी सासूबाई पूजेला बसलेल्या असतात.

रंधा

वहिनी, मी सुतारकाम करतो. पेठांतल्या जुन्या घरांत बरंच काम केलंय, म्हणून दोन गोष्टी आधी सांगतो.

दगड-मातीच्या भिंतीवर काहीही टांगू नका. ड्रिल मारलं की आतनं माती पडत राहते, भोक मोठं होतं आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग) धरत नाही. फोटोफ्रेम, घड्याळ चालेल. पुस्तकांचं शेल्फ, भिंतीतलं कपाट, उभा करून भिंतीत दुमडणारा पलंग, यातलं एकही तिथं करायचं नाही. कोनाडा मोठा करून कपाट काढू असं कुणी म्हणालं तर तेही नको. या भिंतींवर वरचा भार असतो, त्या पोखरायच्या नसतात.

दुसरं, दक्षिणेच्या भिंतीला छतापर्यंत वॉर्डरोब नको. जुनी भिंत जमिनीतनं ओल ओढते. आपल्याकडं जूनपासून पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत हवा दमटच. प्लायचं कपाट भिंतीला चिकटवून लावलं की मागची 6 मिमीची पाठ आधी फुगते, मग बुरशी कपड्यांवर येते. बाहेरनं काहीच कळत नाही. लोखंडी कपाट पायांवर उभं असतं, मागनं हवा जाते. ते आहे तेच ठेवा, फक्त भिंतीपासून 3 इंच पुढं असू द्या.

आता तुमची खरी जागा कुठं आहे बघा. कपाट साडेसहा फूट उंच असणार आणि छत साडेदहावर. कपाटाच्या डोक्यावर 4 फूट रिकामे आहेत. तिथं माळा करा, पण भिंतीत न खोचता. दीड इंची चौकोनी पाइपची चार पायांची फ्रेम उद्यमनगरात वेल्डिंगवाल्याकडं करून घ्या. बाहेरनं 40 इंच रुंद, 28 इंच खोल, वरचा कप्पा 7 फुटांवर. फ्रेम जमिनीवर उभी राहते, कपाट तिच्या आत सरकतं. पलंग सरकवताना पश्चिमेच्या भिंतीपासूनही 3 इंच सोडलेत तरी पायथ्यापासून पूर्वेच्या भिंतीपर्यंत 43 इंच राहतात, त्यात ती बसते. हलू नये म्हणून पूर्वेच्या विटांच्या भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्प मारायचा. वर 18 मिमीचं प्लाय टाका. ओलीसाठी आयएस 710 छाप (ओल सोसणाऱ्या प्लायचं मानक) असलेलं घ्या. पूर्ण 8 बाय 4 ची शीट लागत नाही, टिंबर मार्केटला अर्धी शीट कापून मिळते का विचारा. अख्खी शीट 30 किलोच्या वर जाते, रिक्षातनं आणताना हाल होतात.

गाद्या किती रुंद आहेत? तीन फुटी की अडीच फुटी?

पेठेतली सून

दादा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. दक्षिणेच्या भिंतीचा खालचा रंग दर पावसाळ्यात फुगून पडतो, खार येतो. आम्ही दरवर्षी नवा रंग देतो. गाद्या अडीच बाय सहाच्या आहेत, कापसाच्या.

रंधा

रंग देऊन थांबणार नाही. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक रंगानं ओल आत कोंडते आणि पापुद्रा धरून बाहेर पडते. तेवढा भाग खरवडून चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी द्या. चुन्यातनं भिंत श्वास घेते. उन्हाळ्यातच करा, आता पावसाळ्यात हात लावू नका.

अडीच फुटी गादी तीन घड्या घातली की 2 फूट बाय अडीच फूट होते. माळ्यावर तीन सहज बसतात, शेजारी उश्या. समोरून पडदा सोडा. दार लावायची गरज नाही, हवा खेळली पाहिजे.

सांजवात

उरलेल्या दोन गाद्यांचं मी सांगते. त्या पलंगावरच ठेवायच्या! पलंग 5 फूट रुंद, तुमच्या दोन गाद्या शेजारी शेजारी टाकल्या की बरोबर 5 फूट होतात. त्यावर तुमची रोजची गादी. पलंग तीन-चार इंचांनी उंच होईल, बाकी काही फरक नाही. माझ्या माहेरी गडहिंग्लजला आई असंच करायची. पाहुणे आले की खालच्या दोन ओढून काढायच्या.

वाकळा आणि लोकरीचं पांघरूण हवा काढून टाकायच्या पिशव्यांत ठेवलं तर निम्म्या जागेत मावतं. पण कापसाच्या गाद्या त्या पिशव्यांत घालू नका. कापूस दबून गोळा होतो आणि किंचित दमट राहिला असेल तर आत वास धरतो. वाकळासुद्धा मे महिन्याच्या कडक उन्हात वाळवूनच बंद करायच्या. घट बसायच्या आधी आपण सगळं धुणं काढतोच, तेव्हा पिशव्या उघडून परत ऊन दाखवायचं.

आता लेकीच्या टेबलाविषयी. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिला विचारलंत का तिला कुठं बसायला आवडेल? खोली मोठ्यांची आहे, पण वर्षभर तासन्‌तास बसणार ती. माझ्या मुलाला आम्ही भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं, त्याला ते कोंडल्यासारखं वाटायचं. खिडकीसमोर बसवल्यावर स्वतःहून बसायला लागला. तुमची खिडकी उत्तरेची आहे. तिथून जवळजवळ वर्षभर सारखा उजेड येतो, वहीवर ऊन येत नाही. चळत हलली की ती खिडकी तिचीच.

पेठेतली सून

सांजवात ताई, विचारलं आत्ता. म्हणाली, "आई, खिडकी उघडली तर मी तिथंच बसणार." पुढचं तिला बोलता आलं नाही, मलाही नाही. ही चळत तिच्या लहानपणापासून तिथंच आहे. त्या खिडकीची एकच झडप उघडते, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो.

आता टेबल कसलं घेऊ? 43 इंचांत नेहमीचं टेबल ठेवलं तर मिस्टरांना पलंगावरून उतरायला जागा राहील का?

रंधा

नेहमीचं 2 फूट खोल टेबल नको. दुमडणारं करा. 4 फूट लांब, 18 इंच खोल फळी, खिडकीच्या खाली विटांच्या भिंतीत. उघडलं की समोर 25 इंच राहतात, खुर्ची ओढून बसायला पुरतात. मिटलं की पूर्ण 43 इंच मोकळे. दार उघडल्यावर त्याचं पान उत्तरेच्या भिंतीवर 30 इंच येतं, खिडकी त्याच्या पुढं सुरू होते, त्यामुळं टेबल दाराला अडत नाही. हिशेब मी कागदावर करून बघितलाय.

फळीची वरची बाजू जमिनीपासून 29 इंचांवर घ्या. खिडकीचा कठडा किती उंचीवर आहे ते बघा. कठडा 29 पेक्षा खाली असेल तर फळी खिडकीच्या गजांसमोर येईल, मग ब्रॅकेट लावायला भिंत मिळणार नाही.

राजारामपुरीकर

दिवसाच्या झोपेचं: छताला सरळ एक पडद्याचा ट्रॅक पलंगाच्या कडेनं लावून घ्या, पश्चिमेच्या भिंतीपासून पायथ्यापर्यंत. गडद, जाड कापडाचा पडदा. कापड गांधीनगरला घ्या, शिवून घरी. मिस्टर आत झोपतील, मुलगी खिडकीत बसेल. रात्री ती वाचत असेल तर मोठा दिवा बंद करून टेबलावर वाकवता येणारा दिवा. ती उजव्या हातानं लिहीत असेल तर दिवा डावीकडं ठेवा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही.

काही विकत घ्यायच्या आधी फरशीवर खडूनं सगळं काढा. पलंग, फ्रेमचे पाय, टेबल उघडं, टेबल मिटलेलं, दाराचा पाव गोल. दोन दिवस त्या रेघा पाळून वावरा. कुठं पाय अडतो ते लगेच कळतं.

पेठेतली सून

आज मिस्टरांना सुट्टी होती. दोघांनी मिळून पलंग सरकवला आणि खडूनं रेघा काढल्या. मुलगी जेवणाच्या पाटावर बसून टेबलाची जागा बघत होती. कठडा 32 इंचांवर आहे, म्हणजे फळीला भिंत मिळते. ट्रंक पलंगाखाली जाईल असं वाटलं होतं, पण पलंगाखाली 13 इंच आहेत आणि ट्रंक 15 इंच उंच. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, ती सोप्यात माझ्या कॉटच्या पायथ्याला ठेवा, मला वर बसता येईल. गणपतीचं खोकं पलंगाखाली गेलं.

फ्रेमसाठी उद्या उद्यमनगरात विचारायला जाणार आहेत. एकच राहिलं. 18 इंचाच्या फळीला ब्रॅकेट किती इंची घ्यायचे आणि किती?

रंधा

16 इंची, तीन. दोन टोकांपासून 6-6 इंच आत आणि एक मधोमध. मुलं टेबलावर कोपरं टेकून सगळा भार टाकतात, दोनावर फळी मध्ये वाकते. ब्रॅकेट घेताना दुकानातच दोन-चार वेळा उघडमीट करून बघा, खटका घट्ट बसला पाहिजे. लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानांत मिळतील. भिंतीवर आधी आडवी लाकडी पट्टी मारा, तिच्यावर ब्रॅकेट. विटेच्या सांध्यात स्क्रू मारू नका, विटेत मारा. फळीच्या पुढच्या कडा गोल करून घ्या, मनगटाला काचत नाहीत.