मुलांच्या पोटगीची रक्कम बदलून घेतली आहे का? अनुभव सांगा

2018 साली लेकीसाठी महिना 6,000 ठरले तेव्हा ती बालवाडीत होती. आता सातवीत आहे. तिच्या बाबांची नोकरी बदलली, पगार वाढला, रक्कम तीच. बदलून मागता येते हे माहीत आहे. पूर्वी त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 127 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 146. कलमं वकील सांगतातच हो, मला प्रत्यक्षात काय झालं ते हवंय. पोटगी देणाऱ्या बाबांनीही लिहा. नावंगावं नकोत.

एकटा जीव
मी देणारा. आयटीतली नोकरी गेली. हुकूम 12,000चा होता, मी आपल्या मनानेच 5,000 पाठवायला लागलो. हिला फोनवर सांगितलं, ती "बरं" म्हणाली. मला वाटलं, झालं. नऊ महिन्यांनी वसुलीचा अर्ज आला, 63,000 थकबाकी. वकील म्हणाले, "साहेब, फोनवरच्या 'बरं'ला कोर्टात किंमत नाही. हुकूम बदलत नाही तोवर जुनाच चालतो."
मग रक्कम कमी करण्याचा अर्ज टाकला. राजीनाम्याचं पत्र, बँकेचे उतारे, कुठेकुठे अर्ज केले त्या ईमेल, सगळं लावलं. न्यायाधीशांचा पहिला प्रश्न : नोकरी सोडली की सुटली? पत्रावर राजीनामा लिहिलेला, त्यामुळे घाम फुटला. शेवटी 9,000 झाले, तेही अर्जाच्या तारखेपासून. मागची थकबाकी एक रुपया माफ नाही, फक्त हप्ते मिळाले. नोकरी गेली त्याच आठवड्यात अर्ज टाकायला हवा होता. पुढे काम मिळालं तेव्हा दोघांनी पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन परत 12,000 केले. एका तारखेत काम झालं.

द्राक्षवेल
आमच्याकडे खावटी म्हणतात. नवरा बागायतदार, पण कोर्टात "मी मजूर, जमीन वडिलांची." पगारपत्रक नाही तर उत्पन्न दाखवणार कसं? सातबारा काढला, आठ-अ (खात्यावरच्या जमिनीचा उतारा) काढला, कारखान्याची ऊसबिलं मिळवली. सुप्रीम कोर्टाच्या 2020च्या रजनेश-नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. त्याच्या शपथपत्रात ट्रॅक्टर नव्हता, कर्जाच्या कागदात होता! 2,500चे 5,000 झाले. पावणेदोन वर्षं गेली, एसटीचे पैसे वेगळे. आणि थकलेल्या रकमेच्या वसुलीच्या वॉरंटसाठी ती थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, ते विसरू नका. माझे चार महिने त्यात बुडाले.

मोगरी
उलटा अनुभव. मला नोकरी लागली म्हणून त्यांनीच कपातीचा अर्ज केला. माझी पोटगी बंद झाली, मुलाची तेवढीच राहिली. मूळ हुकुमात दोन्ही रकमा वेगळ्या लिहिलेल्या होत्या म्हणून वाचले. तुमच्या हुकुमात बघून घ्या.

जाड भिंग
मी देणारा नाही, घेणारी नाही, ते मूल आहे. वाढीव रकमेसाठी आईने शाळेच्या फीच्या पावत्यांसोबत माझ्या चष्म्याचं बिलही लावलं होतं. बाबांच्या वकिलांनी विचारलं, एवढी महाग फ्रेम कशाला? हे मला आईने नाही, मावशीने सांगितलं. त्या दिवसापासून मी शाळेत चष्मा काढून बसायचो. रक्कम वाढली, बाबांनी नेमाने दिलीही. बिल कोर्टाचा निशाणी क्रमांक घालून अजून त्या फायलीत असेल. नंतर माझा नंबर दोनदा वाढला, पण आईने पुन्हा अर्ज केला नाही.