मदत हवी आहे: सॅटेलाइट हवामानाचा रिसीव्हर एक, जीपीएस दोन

आम्ही तिघे भागीदारीत कोलोरॅडोमध्ये सेसना १७२ हे छोटं विमान उडवतो. दोन्ही बाजूंना एकेक गार्मिन एरा ७९६ (पडद्याचा सुटा जीपीएस) आहे, पण सिरियस एक्सएम या वर्गणीच्या सॅटेलाइट सेवेचं हवामान घेणारा जीएक्सएम ४२ रिसीव्हर एकच. तो यूएसबीने डावीकडच्या युनिटला जोडलाय. वादळांच्या दिवसांत उजवीकडे बसलेल्यालाही पावसाचं रडार-चित्र दिसायला हवं, म्हणजे उडवणाऱ्याला मान खाली घालावी लागणार नाही.

यूएसबीची दुफाटी वायर लावून पाहिली. एका रिसीव्हरला दोन होस्ट (म्हणजे जोडलेले दोन जीपीएस) चालत नाहीत, त्यामुळे काही दिसलं नाही. उडताना वायर काढून दुसरीकडे लावली, तर चित्र पुन्हा भरेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि नेमकी तीच मिनिटं मोलाची असतात. दुसरा रिसीव्हर घेतला तर वर्गणीही दुसरी, कारण ती रिसीव्हरच्या रेडिओ आयडीला बांधलेली असते.

एडीएस-बीचं (विमानांसाठीच्या रेडिओ प्रसारणाचं) फुकट हवामान आयपॅडवर आहेच. पण ते जमिनीवरच्या टॉवरवरून येतं. डोंगरातल्या धावपट्टीवर उड्डाणाआधी काहीच मिळत नाही.

आता जीडीएल ५२ हा गार्मिनचाच सुटा हवामान रिसीव्हर घ्यायचा विचार आहे. एरा ७९६ मध्ये ब्लूटूथ नाही, म्हणजे वायरच लागणार. विमानाच्या पॅनेलला हात लावायचा नाही, सगळं सुटंच हवं.

जीडीएल ५२ ची सीरियल टीएक्स (माहिती पाठवणारी) वायर दोन्ही ७९६ च्या आरएक्सला (माहिती घेणाऱ्या वायरला) जोडून कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? की ७९६ कडून जीडीएल ५२ ला परत सिग्नल गेल्याशिवाय हवामान येतच नाही?